वस्तीचे आरोग्यकेंद्र : ते कसे उभे राहते?

१. बरे झालेले मूल कोठे परत जाते?

हगवणीने व्याकूळ झालेले एक वर्षाचे मूल दवाखान्यात आणले जाते. त्याचे डोळे खोल गेलेले असतात, जीभ कोरडी पडलेली असते. पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लवकर पूर्ववत होत नाही. शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याची ही लक्षणे होत. वैद्य ते पाणी व क्षार भरून काढतो. दोन-तीन दिवसांत मूल हसू-खेळू लागते आणि आई त्याला घरी घेऊन जाते. नोंदवहीत ‘बरे होऊन गेले’ असा शेरा पडतो.

तीन आठवड्यांनी तेच मूल पुन्हा येते. पुन्हा उपचार होतात आणि पुन्हा तोच शेरा लिहिला जातो. तिसऱ्या वेळी कदाचित ते आणलेच जात नाही. आणि त्याविषयी नोंदवहीत एक अक्षरही लिहिले जात नाही.

येथे वैद्याची चूक काय झाली? औषधोपचारात काहीच नाही. परंतु मूल ज्या घरी परत गेले तेथील पिण्याचे पाणी पूर्वीप्रमाणेच दूषित होते. दूषित पाण्याने हगवण होते. हगवणीमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. अन्नावाचून शरीर क्षीण होते. आणि क्षीण शरीराला पुढील रोग अधिक सहज ग्रासतो. हे चक्र एका जागी थांबविले तरी दुसऱ्या जागेपासून पुन्हा फिरू लागते. म्हणून गरीब वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्याला केवळ रोग्याकडे पाहून चालत नाही. रोगी ज्या घरातून आला त्या घराकडेही पाहावे लागते.

दवाखाना व आरोग्यकेंद्र यांतील मुख्य भेद हाच आहे. दवाखान्याची जबाबदारी त्याच्या दारात येणाऱ्या माणसापुरती असते. आरोग्यकेंद्राची जबाबदारी एका ठरावीक वस्तीतील सर्व माणसांची असते. जो येतो त्याची, आणि जो येत नाही त्याचीही. ही कल्पना बोलण्यास सोपी आहे. ती प्रत्यक्षात कशी उतरली, हे तीन खंडांतील चार ठिकाणांच्या हकिकतीवरून आपण पाहू.

२. फोलेला : कल्पनेचा उगम

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात फोलेला नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील वस्ती झुलू लोकांची. जमीन झिजलेली, पीक अपुरे, आणि घरातील कर्ते पुरुष खाणींत व शहरांत मजुरीसाठी गेलेले. १९४० साली सिडनी कार्क व एमिली कार्क या तरुण डॉक्टर दांपत्याने तेथे एक आरोग्यकेंद्र सुरू केले.

सगळा प्रदेश एकदम हाती घेण्याचा मोह त्यांनी टाळला. प्रथम थोडीशी घरे असलेला एक लहान भाग निश्चित केला. त्या भागाचा नकाशा तयार झाला, प्रत्येक घराची नोंद झाली, आणि घरात कोण राहते, काय खाते, पाणी कोठून आणते याची पाहणी झाली. नंतर दरवर्षी या क्षेत्रात शेजारच्या घरांची भर पडत गेली. घरोघर जाण्याचे काम बाहेरून आणलेल्या माणसांकडे नव्हते. झुलू भाषा बोलणाऱ्या स्त्री-पुरुषांना शिकवून तयार करण्यात आले होते. त्यांनी लोकांना परसात भाजीपाला लावण्यास प्रवृत्त केले, झरे बांधून काढले, शौचकूप खणविले. काही वर्षांतच त्या क्षेत्रातील बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

तेथील सरकारने नेमलेल्या एका आयोगाने अशी केंद्रे देशभर काढावीत अशी शिफारस केली आणि त्यांपैकी काही निघालीही. परंतु १९४८ साली वर्णभेदाचे धोरण उघडपणे स्वीकारणारा पक्ष सत्तेवर आला आणि या कामाचा आधार क्रमाक्रमाने काढून घेण्यात आला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कार्क दांपत्यास देश सोडावा लागला. तत्पूर्वी, १९५७ मध्ये, जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी काही महिने त्यांच्याजवळ राहून शिकून गेला होता. बी एका ठिकाणी करपले, ते दुसऱ्या ठिकाणी उगवले.

३. बोस्टनजवळील वसाहत

१९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोठी चळवळ झाली. तीत सामील झालेल्या स्वयंसेवकांची वैद्यकीय व्यवस्था पाहण्यासाठी काही डॉक्टर तेथे गेले. गायगर त्यांच्यात होते. तेथील दैन्य पाहून त्यांना फोलेलाची आठवण झाली. सातासमुद्रापलीकडे जाऊन जे काम आपण शिकलो, त्याची गरज आपल्याच देशात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. टफ्ट्स विद्यापीठातील काउंट गिब्सन यांच्या सहकार्याने त्यांनी दोन आरोग्यकेंद्रांची योजना आखली : एक उत्तरेकडील शहरात आणि एक दक्षिणेकडील खेड्यांत. दारिद्र्यनिर्मूलनासाठी नुकत्याच स्थापन झालेल्या सरकारी कचेरीने त्यास पैसा दिला.

पहिले केंद्र डिसेंबर १९६५ मध्ये बोस्टन शहरातील कोलंबिया पॉइंट येथे उघडले. ही १,५०४ बिऱ्हाडांची सरकारी गृहवसाहत होती. गोऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही वर्णांची गरीब कुटुंबे तेथे राहत. वसाहत समुद्रात शिरलेल्या एका टोकावर, शहराच्या कचरा-डेपोलगत वसविलेली होती. मोठे रुग्णालय शहरात होते खरे. पण आजारी मूल कडेवर घेऊन, वाहने बदलीत तेथे पोहोचणे आणि तासन्‌तास बाकावर बसणे हे आईच्या एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणेच होते.

केंद्रासाठी नवी भव्य इमारत बांधली गेली नाही. वसाहतीतीलच काही बिऱ्हाडांच्या भिंती काढून दवाखाना करण्यात आला. आई, मूल व आजी यांना तीन ठिकाणी तीन वैद्यांकडे न पाठविता, डॉक्टर, परिचारिका व समाजसेविका यांची एकच तुकडी सबंध कुटुंबाकडे लक्ष देई. वसाहतीतील स्त्रियांना शिकवून केंद्रात नोकऱ्या देण्यात आल्या. पुढे केलेल्या पाहणीत असे आढळले की, रुग्णालयात दाखल होण्याची पाळी येणाऱ्या रहिवाशांच्या संख्येत लक्षणीय घट झाली होती. घराजवळ वेळीच मिळालेला साधा उपचार दूरच्या रुग्णालयातील महागड्या खाटेची गरज टाळतो, हे यावरून दिसून आले.

४. माउंड बायू : लोकांनी मागितले काय?

दुसरे केंद्र मिसिसिपी राज्यातील बॉलिव्हर परगण्याच्या उत्तर भागासाठी होते. त्याचे ठाणे माउंड बायू हे गाव. १८८७ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी ते स्वतः वसविले होते. तेथील कृष्णवर्णीयांच्या एका परस्परसाहाय्य मंडळाने १९४२ मध्ये वर्गणीतून एक रुग्णालयही उभारले होते. म्हणजे स्वावलंबनाची परंपरा त्या गावात आधीपासून होती.

परंतु सभोवतालच्या खेड्यांतील स्थिती बिकट झाली होती. मोठमोठ्या कापूस-मळ्यांवर वाट्याने जमीन कसणारी हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली होती. कापूस वेचणारी यंत्रे आली, तण मारणारी रसायने आली, आणि या माणसांचे काम संपले. अनेक कुटुंबांचे वर्षाचे सारे उत्पन्न हजार डॉलरांच्या आत होते. खोपटांच्या फळ्यांतून वारा शिरे. कित्येकांना शौचकूप नव्हता. काही घरांचे पाणी चरांतून भरून आणलेले असे.

केंद्राचे दार उघडण्यापूर्वी जॉन हॅच हे समाजसंघटक तेथे गेले. ते स्वतः दक्षिणेत वाढलेले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. त्यांनी औषधांची जाहिरात केली नाही. चर्चमध्ये, ओसरीवर, शाळेच्या खोलीत ते लोकांबरोबर बसले आणि त्यांना एकच प्रश्न विचारला : तुम्हांला सर्वांत आधी काय हवे आहे? उत्तरांत डॉक्टर पहिला आला नाही. लोकांनी अन्न मागितले, काम मागितले, धड घर मागितले.

तज्ज्ञाला येथे दोन मार्ग मोकळे असतात. ‘हे आमच्या खात्याचे काम नव्हे’ असे सांगून तो नाडीपरीक्षा सुरू करू शकतो. किंवा लोकांनी सांगितलेले हेच रोगाचे खरे निदान आहे असे मानून कामास लागू शकतो. माउंड बायूने दुसरा मार्ग पत्करला. नोव्हेंबर १९६७ मध्ये केंद्राचे काम तात्पुरत्या जागेत सुरू झाले आणि पुढल्या वर्षी स्वतंत्र इमारत झाली. तपासणीच्या खोल्यांइतकेच महत्त्व विहिरी खणणाऱ्या, शौचकूप बांधणाऱ्या, दारे-खिडक्यांना जाळ्या बसविणाऱ्या तुकड्यांना होते. रोग्यांची ने-आण करण्यासाठी गाड्यांची सोय करण्यात आली. कारण विस्तीर्ण परगण्यात ज्याच्याजवळ वाहन नाही त्याला दहा कोसांवरचा मोफत दवाखानाही परदेशासारखाच.

५. औषधाच्या चिठ्ठीवर अन्न

या केंद्राची एक हकिकत सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. उपासमारीने रोडावलेली मुले तपासताना डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस व फळे लिहिण्यास प्रारंभ केला. ती चिठ्ठी घेऊन कुटुंबाने गावातील वाण्याकडे जावे, सामान घ्यावे, आणि वाण्याने त्याचे बिल केंद्राकडे पाठवावे, अशी व्यवस्था होती. बिल औषधांच्या खात्यातून चुकते होई.

राजधानीतील कचेरीला हे कळताच आक्षेप आला. औषधांसाठी दिलेला पैसा अन्नावर कसा खर्च होतो? गायगर यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, उपासमारीने होणाऱ्या विकारावर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात जे खास औषध सांगितले आहे, ते अन्नच आहे. या उत्तरापुढे आक्षेप टिकला नाही.

तथापि चिठ्ठीवरचे अन्न हा कायमचा उपाय नव्हे, हे केंद्राच्या लोकांनाही ठाऊक होते. ज्यांचे काम गेले होते ती माणसे जन्माने शेतकरी होती. त्यांच्याजवळ कसब होते, जमीन नव्हती. १९६८ साली त्यांनी एक सहकारी शेतीसंस्था स्थापन केली. शेकडो एकर जमीन मिळविण्यात आली. परदेशी वा परगावी विकावयाच्या कापसाऐवजी तीत स्वतःच्या ताटात पडणारा भाजीपाला पिकविला गेला. सभासदांना मजुरीचा मोबदला काही रोखीने व काही धान्य-भाजीच्या रूपाने मिळे. पहिल्याच हंगामात लाखो पौंड अन्न निघाले. केंद्राच्या कामातून असे शेत निघाले, ही गोष्ट वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु हगवण, उपासमार आणि बेकारी ही एकाच साखळीची कडी आहेत असे मानले, तर त्यात चमत्कारिक असे काही उरत नाही.

६. अंश आणि छेद

आता एक गणित पाहू. ते काल्पनिक आहे, पण त्यातील तत्त्व प्रत्येक आरोग्यकेंद्रास लागू पडते.

समजा, एका वस्तीची लोकसंख्या ४,००० आहे. केंद्राच्या नोंदवहीप्रमाणे वर्षभरात एक वर्षाखालील ४० आजारी मुले उपचारासाठी आली व त्यांपैकी २ दगावली. ४० पैकी ३८ वाचली, म्हणून केंद्रास समाधान वाटेल. परंतु सेविकांनी घरोघर जाऊन विचारले असता असे कळले की, त्या वर्षी वस्तीत १२० मुले जन्मली व १२ दगावली. म्हणजे बालमृत्युमान दरहजारी १०० झाले. बाराँपैकी दहा मुले केंद्राच्या दारापर्यंत आलीच नव्हती.

केंद्राची नोंदवही फक्त अंश सांगते. छेद वस्तीत जाऊनच मिळवावा लागतो. आणि छेदावाचून अपूर्णांकाला अर्थ नाही.

याच गणिताची दुसरी पायरी अधिक महत्त्वाची आहे. १२० जन्मांची गल्लीवार विभागणी केली तेव्हा दिसले की, नाल्यापलीकडील दोन गल्ल्यांत ३० मुले जन्मली व त्यांतील ९ दगावली. उरलेल्या वस्तीत ९० जन्मांमागे ३ मृत्यू झाले. पहिल्या भागाचे मान दरहजारी ३००, तर दुसऱ्याचे सुमारे ३३! ‘दरहजारी १००’ या सरासरीने दोन निरनिराळी जगे एका आकड्याखाली झाकून टाकली होती. चौकशी केली तर कदाचित असे आढळेल की, नाल्यापलीकडे राहणारे लोक परप्रांतातून आलेले आहेत, त्यांची भाषा केंद्रात कोणास येत नाही, आणि पाण्याचा नळ नाल्याअलीकडे आहे.

ज्या वस्तीत नाना भाषांचे, जातींचे व धर्मांचे लोक राहतात, तेथे ही विभागणी अपरिहार्य आहे. तेथे केंद्राने तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पहिली, केंद्राची जागा अशी असावी की, तेथे जाण्यास कोणत्याही समूहास संकोच वाटू नये. दुसरी, प्रत्येक मोठ्या भाषासमूहातील निदान एक व्यक्ती केंद्रात कामास असावी. मुलाला दुभाषी करून आईच्या प्रसूतीविषयी विचारणे हे अशास्त्रीय आहे आणि असभ्यही आहे. तिसरी, केंद्राची वेळ मजुरी करणाऱ्यांच्या सोयीची असावी. सकाळी दहाला उघडून दुपारी बंद होणारे केंद्र रोजंदारीवरील माणसासाठी नसतेच.

७. केंद्र कोणाचे?

हॅच यांनी बॉलिव्हर परगण्यात गावोगावी आरोग्यमंडळे स्थापन केली. त्या मंडळांचे प्रतिनिधी मिळून एक परिषद झाली, आणि हळूहळू केंद्राचा कारभार विद्यापीठाकडून तिच्या हाती गेला. हे सुरळीत घडले असे समजू नये. परिसरातील काही गोऱ्या डॉक्टरांचा व राजकीय पुढाऱ्यांचा या केंद्रास विरोध होता. अशा योजनांना मनाई करण्याचा अधिकार राज्याच्या राज्यपालास होता. परंतु विद्यापीठास दिलेले अनुदान त्या अधिकाराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे केंद्र वाचले. आतही मतभेद झाले. डॉक्टरला रोगाचे ज्ञान असते, पण पैसा प्रथम कशावर खर्चावा हे त्यानेच ठरवावे काय? आणि ज्यांना आजवर कोणत्याच सभेत बोलू दिले गेले नाही, त्यांना हिशेब पाहण्यास शिकविण्यास किती वेळ द्यावा? या प्रश्नांना तयार उत्तरे नव्हती.

त्यातून निघालेले एक तत्त्व मात्र टिकले. अमेरिकेत सरकारी साह्य घेणाऱ्या वस्ती-आरोग्यकेंद्रांच्या नियामक मंडळात बहुसंख्य सभासद त्या केंद्राचे स्वतःचे रुग्ण असले पाहिजेत, असा कायद्याचा दंडक आहे. शिवाय उत्पन्नाच्या मानाने फी कमी करावी आणि पैसे नाहीत म्हणून कोणास परत पाठवू नये, असाही नियम आहे. दोन केंद्रांपासून सुरू झालेल्या या प्रयत्नातून आज सुमारे १,४०० संस्था झाल्या असून, त्यांचा लाभ वर्षाला तीन कोटींवर लोकांना मिळतो. माउंड बायूचे केंद्र अद्याप चालू आहे. गायगर यांचे डिसेंबर २०२० मध्ये निधन झाले.

८. आपल्या देशात

हा विचार भारतास परका नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात रोगनिवारण व रोगप्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच प्राथमिक आरोग्यकेंद्राकडे सोपवावीत, तसेच गावोगावी लोकांच्या आरोग्यसमित्या असाव्यात, असे सुचविले होते. १९५२ मध्ये सुरू झालेल्या समाजविकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. मैदानी प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, असे प्रमाण पुढे ठरविण्यात आले.

महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे, रजनीकांत आरोळे व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. तेथेही गावकऱ्यांनी आधी मागितले ते अन्न व पाणी. कूपनलिका खणताना हातपंप दलित वस्तीत बसतील अशी काळजी घेण्यात आली. त्यामुळे पाण्यासाठी सर्वांनाच तेथे यावे लागे. खेड्यातील स्त्रियांना, ज्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले, आणि त्यांनी प्रसूती, लसीकरण व हगवणीवरील घरगुती उपचार यांचे काम समर्थपणे सांभाळले. फोलेला, माउंड बायू आणि जामखेड एकमेकांपासून हजारो मैल दूर. पण तिन्ही ठिकाणी पहिला धडा एकच निघाला.

९. उपसंहार

आरोग्यकेंद्र बांधणे म्हणजे इमारत बांधणे अशी सामान्य समजूत असते, आणि उद्‌घाटनाच्या दिवशी ती पक्की होते. वस्तुतः इमारत ही शेवटची पायरी होय. आधी क्षेत्र ठरवावे, मग घरांची नोंद करावी, मग लोकांचे ऐकावे, मग त्यांच्यातूनच माणसे तयार करावीत. आणि हे झाल्यावर छप्पर साधे असले तरी चालते. हा क्रम उलटा केला तर भिंती उभ्या राहतात, नोंदवहीत ‘बरे होऊन गेले’ असे शेरे पडत राहतात, आणि नाल्यापलीकडील मूल तिसऱ्या वेळी येतच नाही.

अभ्यासासाठी

१. दवाखाना व आरोग्यकेंद्र यांतील भेद स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. एका वस्तीत वर्षभरात १५० मुले जन्मली व एक वर्षाच्या आतील ६ दगावली. बालमृत्युमान दरहजारी किती? त्या वस्तीचे दोन भाग असून एका भागात ५० जन्म व ५ मृत्यू झाले, तर प्रत्येक भागाचे मान काढा. त्यावरून काय अनुमान निघते?

३. आपल्या शाळेच्या परिसरातील शंभर घरांचा नकाशा काढा. त्यात पाण्याचे नळ, विहिरी, गटारे व जवळचा दवाखाना दाखवा. कोणत्या घरांना पाण्यासाठी सर्वांत दूर जावे लागते?

४. औषधाच्या खात्यातून अन्न देणे योग्य की अयोग्य? दोन्ही बाजूंनी वर्गात चर्चा करा.

५. आपल्या परिसरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, याची यादी करा. त्यांपैकी किती भाषा जवळच्या आरोग्यकेंद्रात समजतात, याची चौकशी करा.